आयटीआय आणि जर्मनीतली मान्यता
आयटीआयच्या सर्टिफिकेटला जर्मनीत कुणी विचारत नाही, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला असेल तर मान्यतेसाठी अर्ज जरूर करा. तिथे आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. पूर्ण नाही तरी अंशतः मान्यता मिळू शकते आणि संबंधित कामाचा अनुभवही धरतात. म्हणून अनुभवपत्राकडे नीट लक्ष द्या. ‘प्रामाणिक व कष्टाळू’ एवढ्या दोन ओळींनी काही होत नाही. पॅनल वायरिंग केलं, मोटर स्टार्टर जोडले, फॉल्ट शोधले, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं लेटरहेडवर लिहून घ्या, तेही नोकरी सोडायच्या आधी! मार्च २०२४ पासून जर्मनीत नोकरी करता करता मान्यता पूर्ण करायचीही सोय झाली आहे; त्यासाठी किमान ए-२ पातळीचं, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरतं, जर्मन लागतं.