शब्दचर्चा: ग्राफिक्स ड्रायव्हरमधला 'ॲड्रेस' मराठीत कसा लिहायचा?

रत्नागिरीहून: पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोट्स मराठीत काढतोय, ग्राफिक्स ड्रायव्हरपाशी येऊन गाडी अडकलीये. व्हर्च्युअलला (प्रोग्राम वापरतो तो) आभासी पत्ता, फिजिकलला (रॅममधल्या जागेचा) भौतिक पत्ता, इथवर ठीक. पण ग्राफिक्स कार्डाने प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅम वाचावी-लिहावी (म्हणजे डीएमए) म्हणून ड्रायव्हर त्याला जो डीएमए ॲड्रेस देतो त्याला काय म्हणू? मित्र म्हणतो भौतिकच लिहून टाक.

चिपळूणहून: नका लिहू सर, तिथेच पोरं फसतात. लिनक्सने उगाच भौतिक आणि डीएमए या दोघांसाठी वेगळे टाइप ठेवलेले नाहीत. मधे आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेला पत्ता रॅमच्या पत्त्यात बदलणारं हार्डवेअर) असला की कार्डाला मिळणारा आकडा आणि रॅममधला आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. गंमत अशी की तो बंद असेल तर साध्या पीसीवर दोन्ही आकडे बहुतेक वेळा सारखेच निघतात, त्यामुळे चुकीचा कोडपण मस्त चालतो, आणि मग कोणीतरी बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमएमयू) चालू करतं नि स्क्रीन काळी, डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) डीएमएआर फॉल्टच्या, म्हणजे आयओएमएमयूने अडवलेल्या पत्त्यांच्या, ओळीच्या ओळी. भौतिक म्हणून शिकलेला पोरगा तिथे डोकं धरून बसणार.

वेंगुर्ल्याहून: माका तर आभासी हो शब्दच पटना नाय. आभासी म्हटला काय लोकांका खोटाच वाटता. आमचा घर एकच, पण सातबाऱ्यार सर्व्हे नंबर येगळो, ग्रामपंचायतीकडे घर नंबर येगळो, आणि पोस्टमन इचारता ता वाडयेचा नाव. ह्यातलो खयचो आभासी?

रत्नागिरीहून: हा हा, पटलं. म्हणजे कोणाकडचा पत्ता ते सांगायचं? प्रोग्रामकडचा, रॅममधला, कार्डाकडचा?

चिपळूणहून: दिशा बरोबर, पण 'कार्डाकडचा' म्हणजे परत दोन निघतात ना. आत्ताच्या कार्डाला स्वतःची पेज टेबलं (कुठला पत्ता मेमरीच्या कुठल्या पानावर जातो त्याच्या याद्या) असतात. शेडर (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) जो पत्ता वापरतो तो आधी कार्डाच्या टेबलातून जातो, तिथून एकतर कार्डावरची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम नाहीतर बाहेर बसवर, आणि बसवरून आयओएमएमयू ओलांडून रॅम. एजीपीच्या (ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या स्लॉटच्या) काळात, 1997 च्या आसपास, गार्ट नावाचं एकच टेबल सगळ्यांना मिळून असायचं, विखुरलेली 4 केबीची पानं कार्डाला सलग दिसावीत एवढंच त्याचं काम. विंडोज 10 सोबत 2015 ला डब्ल्यूडीडीएम 2.0 (विंडोजचं ग्राफिक्स ड्रायव्हर मॉडेल) आलं तेव्हापासून तिथे प्रत्येक प्रोसेसला कार्डावर स्वतःची वेगळी ॲड्रेस स्पेस (पत्त्यांचा संच) मिळू शकते. म्हणून मी म्हणेन शेडरकडचा पत्ता आणि बसवरचा पत्ता.

गुहागरहून: बसवरचा पत्ता म्हटलं की पोरांना एसटीचा बोर्ड दिसणार बघा. डीएमए ॲड्रेस आहे तसाच ठेवा की, कोणी रागावत नाही. मराठी शब्द हवाय तो पिनिंगला. कार्ड वाचत असताना ते पान स्वॅपला (डिस्कवर) गेलं किंवा कर्नलने दुसरीकडे हलवलं तर कार्डाला काही कळत नाही, ते जुन्याच जागी वाचत नाहीतर लिहीत राहणार. मी शिकवताना 'पान धरून ठेवणं' म्हणतो आणि काम झालं की 'सोडणं'. सोडायला विसरला की रॅम अडकून राहते, हे त्या शब्दातच येतं.

रत्नागिरीहून: हे घेतलं. आणि बाउन्स बफर?

चिपळूणहून: तो तसाच ठेवा. पण कशाला लागतो ते लिहा, डिव्हाइसला 32 बिटच पत्ता कळत असेल तर 4 जीबीच्या वरचं पान त्याला गाठताच येत नाही, म्हणून कर्नल खाली एक जागा घेऊन तिथे कॉपी करतो. ड्रायव्हरने सुरुवातीलाच डीएमए मास्क (डिव्हाइसला किती बिटांचा पत्ता कळतो ते) नीट सांगितला पाहिजे.

रत्नागिरीहून: शेवटचं, ॲपर्चर? झरोका लिहू का?

वेंगुर्ल्याहून: झरोको कित्याक, सरळ खिडकी लिवा. प्रोसेसराक त्या खिडकीतना कार्डाची मेमरी दिसता. पयली बहुतेक 256 एमबीच असायची, मगे ड्रायव्हर खिडकी सरकवत बसायचो. रीसाइझेबल बार (खिडकी मोठी करूची सोय) चालू असलो तर आख्खी व्हीरॅम एकदम.

रत्नागिरीहून: खिडकी फायनल. चॅप्टर टाइप करायला घेतो.