कलर निगेटिव्ह स्कॅन केल्यावर रंग बिघडतायत, सल्ला हवा

केशरीभात:
माळ्यावर ताईच्या लग्नाच्या (१९९६, रत्नागिरी) निगेटिव्ह सापडल्या. कोडॅक गोल्डचे सहा रोल. आधी एका लॅबमध्ये स्कॅनला दिले. हातात आल्या चटकमटक रंगांच्या छोट्या जेपेग, पांढऱ्या सदऱ्यांचा पार चुना झालेला. आता मित्राचा एप्सन व्ही ६०० स्कॅनर घरी आणलाय, पण एकाच पट्टीवरचे चार फोटो चार तऱ्हांचे येतात. हळदीच्या फोटोत ताईला राख फासल्यासारखी दिसते, आणि पुढच्याच फोटोत केळीच्या खांबांशी उभी असलेली मंडळी गुलाबी-जांभळी. फोटोशॉपमध्ये नुसतं इन्व्हर्ट (रंग उलटे) केलं तर सगळं निळंशार. फिल्म गेली का? की सॉफ्टवेअर घेऊ? घ्यायचं तर कोणतं?

अंधारखोली:
इतक्यात फिल्मवर खापर फोडू नका. हा स्कॅनरच्या ऑटो रंगदुरुस्तीचा प्रताप आहे. स्कॅनर प्रत्येक फ्रेमची सरासरी बघतो. हळदीच्या फ्रेममध्ये पिवळं जास्त, मग तो निळं ओततो. केळीच्या पानांचं हिरवं जास्त, मग मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) ओततो. त्याला काय ठाऊक हळद!

निळंशार का, तर फिल्मची केशरी झाक मुद्दाम दिलेली असते. फिल्ममधली सायन (हिरवट निळी) आणि मॅजेंटा रंगद्रव्यं नको तो प्रकाशही शोषतात, त्याची ती भरपाई. केशरी उलटं केलं की निळंच येणार. म्हणून आधी ती झाक काढायची आणि मग उलटं करायचं.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरात फिल्म टाइपमध्ये 'पॉझिटिव्ह' निवडा. ४८ बिट, टिफ, ऑटो म्हणून जे जे असेल ते बंद. चित्र केशरीच दिसेल, दिसू द्या. एक्स्पोजर एका रोलला एकच ठेवा. आणि क्रॉप करताना दोन फ्रेममधली कोरी पट्टी थोडी आत येऊ द्या, कारण तिथे फक्त झाक असते, तोच तुमचा शून्य. डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात निगेटिव्ह उलटी करणारं नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. त्याचा पिकर (रंग टिपायचं साधन) त्या कोऱ्या पट्टीवर फिरवायचा आणि तेच सेटिंग पूर्ण रोलला चिकटवायचं. लाइटरूम असेल तर त्याला जोडायचं निगेटिव्ह लॅब प्रो छान आहे, पण विकतचं.

२४०० डीपीआय पुरे. त्यापुढे या स्कॅनरवर फाइल फुगते, तपशील वाढत नाही. धुळीसाठी डिजिटल आयसीई लावा. ते इन्फ्रारेडवर चालतं, रंगीत फिल्मला चालेल. नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइटला मात्र लावू नका, त्यातली चांदी त्याला धूळच वाटते.

मीठभाकर:
फ्लॅटबेड (काचेवर ठेवून स्कॅन करायचा स्कॅनर) सोडा हो. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला लाइट पॅनेल. त्यावर निगेटिव्ह ठेवून फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, एका संध्याकाळी सहा रोल उरकतील.

अंधारखोली:
@मीठभाकर, सहा रोलसाठी मॅक्रो लेन्स? घरात असेल तर जरूर. विकत घेऊन नको.

लॅबवाले_काका:
नव्वदीत मिनीलॅबवर (प्रिंट काढायच्या मशीनवर) बसायचो मी. वाय, एम, सी, डी (पिवळा, मॅजेंटा, सायन आणि गडदपणा) अशी बटणं, दर फ्रेमला बोटं त्यांच्यावर. मशीन हळदीला तेव्हाही फसायचं, आम्ही हातानं सावरायचो. त्यामुळे कॉपी-पेस्टवर सगळं सोडू नका. रोलचा पाया एक, पण फ्रेमगणिक थोडं इकडंतिकडं करावंच लागतं.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी पांढरी टोपी, मुंडावळ्यांचे मोती, असं काहीतरी धरा. आणि रात्रीच्या फोटोत व्हिडिओवाल्याचा हॅलोजन असणार. डेलाइट (दिवसाच्या उजेडासाठीच्या) फिल्मवर तो पिवळाच येतो. ती चूक तुमची नव्हे, सगळी काढायलाही जाऊ नका, लग्नघर बर्फासारखं दिसेल.

केशरीभात:
पाच रोल सुधारले, आभार! हळद हळदीसारखी दिसतेय. सहावा मात्र कौलांखालच्या पत्र्याच्या डब्यात होता. त्यात सावली हिरवी आणि उजेड गुलाबी. एक नीट केलं की दुसरं बिघडतं.

अंधारखोली:
हा रोल खरंच उतरलाय. उष्णतेनं फिल्ममधले रंगांचे तिन्ही थर सारखे फिके पडत नाहीत, म्हणून एका स्लायडरनं भागणार नाही. लाल, हिरवा, निळा यांचे कर्व्ह (उजेड-सावलीच्या वक्ररेषा) वेगवेगळे घ्या, खालचं आणि वरचं टोक स्वतंत्र ओढा. शंभर टक्के येणार नाही.

केशरीभात:
जमतंय थोडंथोडं. नवीनच भानगड: ताई म्हणते शालू मोरपंखी होता, मी जांभळा केलाय. आई म्हणते जांभळाच होता. जुना प्रिंट बघावा तर तो स्वतःच विटलाय. शालू ताईच्या कपाटात आहे म्हणे, रविवारी जाऊन फोटोशेजारी धरून बघतो.