डेस्कटॉपचं वायफाय: चारशेचा डोंगल खोचला म्हणून विषय संपत नाही

कर्वेरोडची
काल इथे एकाने लिहिलं, "डेस्कटॉपला वायफाय हवंय? चारशे रुपयांचा नखाएवढा यूएसबी डोंगल मागे खोचा, विषय संपला. आत बसवायचं वायफाय कार्ड घेणं म्हणजे पैशांचा चुराडा." रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी घरून भाषांतराचं काम करते. संध्याकाळी फायलींचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. कॉपी सुरू झाली की पाच मिनिटांत नेट मान टाकायचं. राउटर बदलला, नेटवाल्याला तीनदा बोलावलं, त्याच्या माणसाशी उगाच भांडले. एका रविवारी कॅबिनेट भिंतीपासून ओढून मागे टॉर्च मारला. निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात हार्ड डिस्कची वायर, तिला खेटून डोंगल, दोन्हींवर धुळीचं लोकर. डोंगलला बोट लावलं तर चटका बसला.

यूएसबी ३ च्या वायरीतून आणि पोर्टातून जो रेडिओ गोंगाट निघतो तो नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. माझा डोंगल फक्त २.४ वर चालणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या जिन्यात मोबाइलवर २२ राउटर दिसतात. शेवटी इंटेलच्या एएक्स२१० चं पीसीआयई कार्ड (मदरबोर्डावरच्या स्लॉटात बसणारं) बसवलं, त्याचे अँटेना वायरने टेबलावर आणून ठेवले. आठ महिन्यांत नेट एकदाही तुटलेलं नाही.

पेठेतला_३०
ते मीच लिहिलं होतं. तुमचा त्रास खरा असेल, पण एका घराच्या अनुभवावरून सगळ्यांना कार्ड घ्यायला लावू नका. माझा डोंगल सहा वर्षं मागेच खोचलेला आहे. माझ्या बोर्डावर एकच स्लॉट, त्यात ग्राफिक कार्ड. मी कार्ड कुठे बसवू, डोक्यावर?

स्क्रूड्रायव्हर
मी दुरुस्तीचं काम करतो. कार्ड घेणाऱ्यांनी आकडा नीट वाचा. एएक्स२०० आणि २१० कुठल्याही बोर्डावर चालतात, एएमडीवरही. २०१ आणि २११ ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतात. स्वस्त मिळालं म्हणून २०१ घेऊन आलेले तिघे गेल्याच महिन्यात माझ्या टेबलावर होते. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डातून निघणारी बारीक वायर बोर्डावरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरला (पिनांच्या जोडणीला) लावावीच लागते.
डोंगलच घ्यायचा तर ड्युअल बँड घ्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा. खोक्यावरचं एसी६०० म्हणजे दोन पट्ट्यांच्या ४३३ आणि १५० एमबीपीएस वेगांची बेरीज, वर गोल केलेली; एका वेळी एकच पट्टा मिळतो. आणि डोंगल एक्स्टेंशन वायरवर बाहेर काढा.

पेंग्विनप्रेमी
कंपनीचं नाव बघू नका, आतली चिप बघा! तेच मॉडेल, खोकं तेच, व्हर्जन बदललं की चिप वेगळी. लिनक्सवाल्यांसाठी एमटी७६१२यू ची चिप सोन्यासारखी, ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. माझ्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर दर अपडेटनंतर पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे कोडमधून नव्याने बनवावा लागायचा. तो उतरवायला नेट हवं आणि नेटच गेलेलं. शेजाऱ्यांकडे पेनड्राइव्ह घेऊन जायचो.

लॅनवालेकाका
अहो, डेस्कटॉप जागचा हलत नाही, त्याला वायफाय हवंच कशाला? कॅट ६ ची नेटवर्क केबल, केसिंग पट्टी, भिंतीला एक भोक. १०० मीटरपर्यंत चिंता नाही.

धायरीचा_भाडेकरू
काका, भोक कोणाच्या भिंतीला? आमच्या करारात खिळासुद्धा ठोकायचा नाही असं कलम आहे. मागच्या घरी कॅलेंडरच्या दोन खिळ्यांसाठी डिपॉझिटमधून तीन हजार कापले.

मालकीण_वारजे
कापणारच. माझ्या भाडेकरूने नेटच्या केबलसाठी न विचारता ड्रिल मारलं ते थेट पाइपात. खालच्यांच्या छताला ओल आली, प्लास्टर पडलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला बोलणी खावी लागली. तो तोवर घर सोडून गेलेला.

धायरीचा_भाडेकरू
म्हणजे त्याच्या पाइपाचे पैसे आम्ही भरायचे? घर सोडताना रंगाचे पैसेही आमच्याकडूनच घेता, मग त्या रंगाखालचं भोक बुजवायला काय लागतं?

मालकीण_वारजे
आवाज चढवू नका. घर कर्ज काढून घेतलंय, हप्ता अजून चालू आहे.

लॅनवालेकाका
चुकलं माझं, भोकाचं बोललो. चपटी केबल येते, दाराच्या फटीतून जाते. चिकट क्लिपांवर चौकटीवरून फिरवा.

मालकीण_वारजे
क्लिपांना माझी हरकत नाही. पण आधी विचारा. मला राग न विचारण्याचा आहे.

धायरीचा_भाडेकरू
तुमचं हे मान्य. माझ्या मालकांनी एवढं तरी ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पेठेतला_३०
मूळ विषयावर येतो. काल रात्री निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी केली आणि शेजारी पिंग (नेटला उत्तर यायला लागणारा वेळ मोजणं) चालू ठेवलं. ८ मिलिसेकंदांचं एकदम ३०० च्या पुढे, मग टाइमआउट. तीनदा केलं, तीनदा तेच. सहा वर्षं मी दोष राउटरला देत होतो. "विषय संपला" हे शब्द मागे घेतो, डोंगल नाही. एक्स्टेंशन वायर यूएसबी ३ चीच लागेल का?

स्क्रूड्रायव्हर
तुमच्या डोंगलला साधी यूएसबी २ ची पुरते. एक मीटरची घ्या, पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुठेही मिळेल. डोंगल मॉनिटरच्या वर चिकटवा, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटची (वीज वाचवायला तो बंद करण्याची) टिकही काढून टाका.