सशाचं नाक थांबतच नाही. मिरचीचा ठसका की दुसरं काही?

पथारीशेजारची, नंदुरबार

नमस्कार. आमच्याकडे बर्फी नावाचा पांढरा ससा आहे. नर, दोनेक वर्षांचा. नणंदेने सुरतहून मुलीसाठी आणला होता. दिवाळीनंतर शिंकायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: मिरची! आमचं घर गावाबाहेर, मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांजवळ. हंगामात वारा फिरला की माणसंही खोकतात, तर सशाचं काय. पण आता पथाऱ्या उठल्या तरी बर्फीचं नाक चालूच आहे. आधी पाण्यासारखं यायचं, आता पांढरं घट्ट येतं. पुढच्या पंजांचे आतल्या बाजूचे केस चिकटून कडक होतात. रात्री पंखा बंद केला की घुरघुर ऐकू येते. खातो, पण कोथिंबिरीवर पूर्वीसारखा तुटून पडत नाही.

इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ते बिचारे स्वतःच म्हणाले, "ताई, माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली." शेजारच्या काकू म्हणतात, लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाज आणि बामाची वाफ दे. सासूबाई ओव्याची धुरी घेऊन तयारच आहेत. यातलं काय करू? आणि हे पूर्ण बरं होतं का? खरं सांगा.

भुसावळची मावशी

अगं, सिरप अजिबात पाजू नकोस. अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जुलाब लागून ससा दगावतो. माणसाच्या लेकराला चालतं ते याला विष ठरू शकतं. धुरी, बाम, निलगिरी, मच्छर कॉइल, उदबत्ती, सगळं त्या खोलीतून बाहेर. ससा नाकानेच श्वास घेतो. आपल्यासारखं नाक चोंदलं म्हणून तोंड उघडून निभावत नाही. सासूबाईंना सांग, धुरी देव्हाऱ्यापुढे द्या, बर्फीला नको.

आता मिरचीचं. ठसक्याने शिंका येतील, पाणी गळेल. दह्यासारखं घट्ट येत नाही. ते आलं म्हणजे जंतू बसलेत. पाश्चुरेला नावाचा जंतू पुष्कळ सशांच्या नाकात गुपचूप असतोच. धूळ, उकाडा, मुताचा वास, घाबरणं, असं काही झालं की तो डोकं वर काढतो. तुझ्या मिरचीने दार उघडून दिलं असेल, एवढंच.

माझा ससा मोती असाच होता. बरा झाला का? नाही. पण नाक घेऊन वर्षानुवर्षं मजेत जगला. त्याच्या खाली लाकडाचा भुसा होता, तो काढून जुन्या सुती चादरी घातल्या तेव्हा निम्म्या शिंका गेल्या. मुताचा कोपरा रोज साफ कर, आणि फिनाईलने नाही, पांढऱ्या व्हिनेगरने. मुताचा पांढरा थरही त्याने सुटतो. वाळलेलं गवत बाहेर अंगणात झटकून मग आत आण. कडबा देत असशील तर त्याची धूळ फार असते, त्यापेक्षा हिरवी हरळी धुऊन दे. घास (लसूणघास म्हणतात तो) रोज नको, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पूस. वास येत नाही म्हणून खात नाहीत हे, तेव्हा खाण्याआधी पुसायचं आणि पुदिना चुरगळून पुढे धरायचा. घरी नेब्युलायझर असेल तर डॉक्टरांना विचारून साधं सलाईन घाल, औषध नाही. खोक्यात बसवून दहा-पंधरा मिनिटं, खोक्याला हवेसाठी भोकं ठेवून. मोती पहिल्यांदा जाम भडकला होता, मग तिथेच डुलक्या काढायचा.

एक सांग, दोन्ही नाकपुड्यांतून येतं की एकाच?

पथारीशेजारची, नंदुरबार

मावशी, सिरपची बाटली काकूंना परत केली. तोंड वाकडं केलं त्यांनी. तुम्ही विचारलंत म्हणून नीट पाहिलं. डावीकडूनच जास्त येतं, आणि डावा डोळाही ओला असतो. डोळ्याखालचे केस गळलेत. मला वाटलं खाजवत असेल.

शिरपूरचा, सध्या परळ

ताई, मी पशुवैद्यकीचा विद्यार्थी आहे. डॉक्टर अजून झालेलो नाही, तेवढं धरून वाचा. एकाच बाजूचं नाक आणि त्याच बाजूचा डोळा म्हणजे दात बघायलाच हवेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला खेटून असतात. मुळं वर सरकली की नळी दाबली जाते, डोळा वाहतो, नाक वाहतं. अशा वेळी अँटिबायोटिक कितीही दिलं तरी थांबवलं की परत, कारण मूळ तिथेच राहतं. क्वचित गवताचं कुसळही एका नाकपुडीत अडकतं. पुढचे दात चांगले दिसले म्हणून दाढा चांगल्या असतील असं नसतं, म्हणून डोक्याचा एक्स-रे मागा. आणि नाकाच्या आतून खोलवरचा स्वॅब (काडीवर घेतलेला नमुना) घेऊन कल्चर (त्यातले जंतू वाढवून तपासणी) करायला सांगा, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं ते कळेल. सशांना बहुतेकदा एन्रोफ्लॉक्सॅसिन देतात, तेही काही आठवडे. मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने नाही. स्टेरॉईड कोणी सुचवलं तर 'का' ते विचारा, त्याने दबलेला जंतू उसळू शकतो. परळला पाळीव प्राण्यांचं मोठं रुग्णालय आहे, पण तुम्हाला सुरत जवळ पडेल. सशांची सवय असलेला डॉक्टर आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

मान एका बाजूला कलली, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, किंवा बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर सुरतची वाट बघू नका. त्याच दिवशी मिळेल तो डॉक्टर गाठा.

पथारीशेजारची, नंदुरबार

एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. सुरतच्या एका डॉक्टरांशी बोलले, एक्स-रे होतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात जातोय. आणखी एक. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी अमळनेरला जाणार, मुलगी म्हणते बर्फीही येईल. नेऊ का?

भुसावळची मावशी

आखाजीच्या उन्हात? नको गं बाई. ससा घामाने थंड होत नाही, कानांतून उष्णता टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की निरोगी सशालाही जड जातं, इथे तर ४५ होतं. त्यात याचं नाक अर्धं बंद. जावईबापूंकडे सोपव. पाणी गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याशी ठेवायची, कान ओल्या हाताने पुसायचे. कूलर चालेल, पण झोत अंगावर नको आणि टाकीतलं पाणी रोज बदलायचं, कुबट वाऱ्याने नाक आणखी बिघडतं. सुरतलाही पहाटेच्या गाडीनेच जा, टोपलीवर ओला पंचा टाक. आणि वजन! धान्याच्या काट्यावर दर रविवारी करून वहीत लिही. हा खातोय की नुसतं खाल्ल्याचं नाटक करतोय, ते काट्यावर आधी कळतं. एक्स-रेत काय निघालं ते इथे टाक.