मराठवाड्यातून बर्फावर: जोडून आलेल्या सुट्ट्यांतील स्कीइंगचे अनुभव

हिवाळ्यात दोन-तीन सुट्ट्या जोडून आल्या की आपल्याकडील मित्रमंडळींचे बेत पूर्वी वेरूळ, म्हैसमाळ किंवा कोणाच्या तरी शेतावरच्या हुरड्यापर्यंत जात असत. गेल्या काही वर्षांत संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील अनेक गट काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली, हिमाचलातील मनालीजवळचे सोलंग ही नावे घेऊ लागले आहेत, आणि बर्फात छायाचित्रे काढून परतण्याऐवजी स्की (बुटांना जोडलेल्या लांब पट्ट्यांवरून बर्फाच्या उतारावर घसरणे; त्या पट्ट्यांनाही स्कीच म्हणतात) शिकण्यासाठी जाऊ लागले आहेत. समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच-सहाशे मीटर उंचीवर वाढलेल्या आणि उन्हाळ्यात ४२-४३ अंशांची सवय असलेल्या माणसांनी बर्फाच्या उतारावर उभे राहणे ही साधी गोष्ट नाही, म्हणून अशा सहली केलेल्यांना मी सविस्तर लिहिण्याचे निमंत्रण देत आहे. माझ्या मते अशा सहलीचे यश दोन गोष्टींवर ठरते: प्रवास वजा जाता उतारावर किती तास उरतात, आणि गटातील सर्वांत हळू शिकणाऱ्याला धरून ते तास कसे वापरले जातात. निसर्गवर्णन थोडक्यात केले तरी चालेल; या दोन गोष्टींबद्दल मात्र मोकळेपणाने लिहावे.

वाळूजच्या कारखान्यातील एक अभियंता, औली

आम्ही महाविद्यालयीन मित्र प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला पुढे-मागे रजा जोडून औलीला गेलो. औलीसाठी नुसता शनिवार-रविवार पुरत नाही, हे आधीच सांगतो. दिल्लीपर्यंत विमान, तेथून ऋषिकेश आणि ऋषिकेशपासून जोशीमठापर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता असा हा प्रवास आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग हे चारही संगम या रस्त्यावर लागतात, पण दिवसाउजेडी जोशीमठ गाठायचे असल्यामुळे कोठेही फार थांबता येत नाही. जोशीमठ ते औली हा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तेथील जमीन खचू लागल्यापासून बंद आहे. त्यामुळे शेवटचा टप्पा चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच पार करावा लागला. जोशीमठातून जाताना भिंतींवरच्या भेगा पाहून आमच्या गाडीतील बोलणे थांबले होते. पर्यटक म्हणून जाताना त्या गावावर काय ओढवले आहे याची जाणीव ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष शिकण्याबद्दल. प्रशिक्षकाने आरंभी एकाच पायात स्की घालायला लावून सपाट बर्फावर फेऱ्या मारून घेतल्या, मग पाय बदलून तेच. त्यानंतर आडव्या पावलांनी उतार चढणे आणि मुद्दाम कुशीवर पडून पुन्हा उठणे शिकवले. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला घ्याव्या लागतात, अन्यथा उभे राहताच त्या खाली पळू लागतात. पुढे स्की-प्लाऊ आला, म्हणजे दोन्ही स्कींची टोके जवळ, मागचे भाग दूर आणि आतल्या कडांवर दाब. याने वेग आवरतो. वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा असतो, म्हणजे डावीकडे वळण्यासाठी उजवा पाय दाबायचा. ऐकायला हे सोपे आहे, परंतु उतार समोर दिसला की प्रत्येकाचे शरीर आपोआप मागे झुकते, स्कींच्या पुढच्या भागावरचा भार जातो, दिशा हातातून सुटते आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या पट्टीला टेकलेली ठेवा, एवढे एकच वाक्य आमचा प्रशिक्षक दिवसभर म्हणत होता. यंत्रशास्त्र शिकलेल्या मला त्याचे कारण लगेच समजले, पण पायांना ते समजायला पूर्ण दुपार लागली, आणि ज्या क्षणी ते जमले त्या क्षणी समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर स्वच्छ दिसत होते. तसा आनंद मला अन्य कोणत्याही खेळात मिळालेला नाही.

आमच्यातील एक जण फार घाबरत होता. त्याला मागे ठेवून बाकीच्यांनी खुर्चीच्या लिफ्टने वर जाण्याऐवजी सगळ्यांनी सौम्य उतारावरच राहावे, असे आम्ही ठरवले. त्यामुळे कोणाचेही काही बिघडले नाही; उलट पाया पक्का झाला.

परभणी येथील एक फिजिओथेरपिस्ट, गुलमर्ग

वरील लेखनाला माझ्या व्यवसायाच्या अंगाने थोडी भर घालते. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा होण्याचा संभव सर्वांत मोठा असतो. बूट स्कीला धरून ठेवणारे बाइंडिंग पडताना सुटले नाही, तर पायाला पीळ बसतो आणि तो गुडघ्यात जातो. बाइंडिंग किती दाबाला सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात, म्हणून भाड्याच्या दुकानात आपले वजन संकोच न करता खरे सांगावे आणि बाइंडिंग आपल्यासमोर बसवून घ्यावे. बुटात दोन जोड मोजे घालण्याचा मोह टाळावा. एकच पातळ लोकरी मोजा आणि घट्ट बूट हीच योग्य पद्धत आहे, कारण पाय आत हलला की ताबा जातो आणि जास्त कोंबल्यास रक्ताभिसरण मंदावून बोटे अधिकच गारठतात. निघण्यापूर्वी महिनाभर रोज बैठका माराव्यात. बर्फावरून परतणारी अतिनील किरणे डोळ्यांना भाजतात, त्यामुळे ढग असले तरी गॉगल हवाच. सुती बनियन घामाने भिजते आणि अंगावरच गार पडते, तेव्हा ते घरीच ठेवावे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत, नेऊन सोडतो. इतकी उंची इतक्या थोड्या वेळात गाठल्यावर डोके दुखणे स्वाभाविक आहे. मळमळ सुरू झाली तर मात्र वर थांबू नये, खाली यावे.

निलंगा परिसरातील एक शेतकरी, गुलमर्ग

आमच्या भागात फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये जी गारपीट झाली, तिची आठवण अजून पुसलेली नाही. काढणीला आलेली ज्वारी, गहू आणि हरभरा आडवा झाला होता, आणि पांढऱ्या झालेल्या रानाचे दृश्य माझ्या मनात नुकसानीशीच जोडलेले होते. शाळासोबत्यांनी गुलमर्गचा बेत काढला, तेव्हा मी त्यांच्या आग्रहाखातर गेलो. गुलमर्गच्या पायथ्याच्या तनमर्गहून वर चढताना दोन्ही बाजूंच्या देवदारांवर बर्फ साचलेला होता आणि आमचा चालक तो पाहून प्रसन्नपणे सांगत होता की या वर्षी झऱ्यांना पाणी राहील. पांढऱ्या रानाकडे पाहून सुखावणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

आमचा स्की-प्रशिक्षक तनमर्गच्या बाजूचाच होता आणि त्याची सफरचंदाची छोटी बाग होती. विश्रांतीच्या वेळी आमचे बोलणे शेतीवरच होई. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ७ अंशांखालील थंडीचे सुमारे हजार किंवा त्याहून अधिक तास मिळावे लागतात, तरच वसंतात फुलोरा नीट येतो. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिकडे चिल्ला-ए-कलान म्हणतात. या काळात पडलेला बर्फ घट्ट होऊन उन्हाळ्यापर्यंत टिकतो आणि हळूहळू वितळून ओढ्यांना पाणी देतो, तर पुढे पडणारा लवकर वाहून जातो. आपल्याकडे मृगाचा पाऊस आणि परतीचा पाऊस यांचा हिशेब असतो, तसाच त्यांचा हा हिशेब आहे. सकाळी उतारावर गेल्यावर तो प्रथम काठी खुपसून बर्फाचा थर पाहत असे: रात्रीच्या थंडीने वरचा थर कडक झाला असेल तर ऊन लागेपर्यंत नवशिक्यांना थांबवीत असे, कारण कडक थरात कडा रुतत नाहीत. पेरणीआधी वाफसा पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. माझे मित्र उतावीळ झाले होते, मी मात्र त्याच्या बाजूने उभा राहिलो.

स्की मला बेताचीच आली. सरळ उतरणे आणि थांबणे जमले, वळणे एका बाजूचेच जमले, आणि तेवढ्यावर मी पूर्ण समाधानी आहे.

जालना येथील एक व्यापारी, गुलमर्ग

गटात दम्याचा त्रास असलेला एक मित्र असल्यामुळे स्की न करणाऱ्यासाठी स्वतंत्र बेत आखावा लागतो, एवढेच नमूद करतो. तो गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगदूरीला, आला. नंतर त्याने १९०२ साली बांधलेले सेंट मेरी चर्च पाहिले आणि दुपारी आम्ही सर्व एकत्र कहवा घेतला. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे प्रत्येक उपगटात एक पोस्टपेड फोन आणि भेटीची ठरलेली वेळ असावी.

धाराशिव येथील एक बँक कर्मचारी, गुलमर्ग

आम्ही २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला गेलो होतो. त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आल्यामुळे सुट्टी आयती जुळली होती, पण त्या जानेवारीत काश्मीर खोरे जवळजवळ कोरडे राहिले आणि गुलमर्गच्या पठारावर वाळलेले गवत दिसत होते. स्की भाड्याने देणारी दुकाने उघडी होती, आणि ओळीने मांडलेल्या स्कींशेजारी माणसे नुसती बसून होती. महिनाअखेरीस तेथे बर्फ पडला, पण तोवर आम्ही परतलो होतो. २०२५ मध्येही बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आम्हाला वाईट वाटले ते आमच्या बुडालेल्या सुट्टीपेक्षा त्या दुकानदारांचे आणि स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्यांचे, ज्यांची वर्षाची मिळकत या दोन-तीन महिन्यांत होते. म्हणून माझी सूचना अशी की विमानाचे तिकीट आधी काढावे लागले, तरी प्रशिक्षक आणि निवास यांविषयी बर्फाची स्थिती विचारूनच बोलणी पक्की करावीत, आणि स्की झाली नाही तरी ज्यांच्याशी बोलणे झाले होते त्यांना काही ना काही काम द्यावे. आम्ही त्याच प्रशिक्षकाला सोबत घेऊन तनमर्गजवळच्या द्रंग गावापर्यंत पायी फिरलो.

नांदेड येथील एक शिक्षिका, सोलंग

आम्ही मैत्रिणींनी विमानाऐवजी सचखंड एक्सप्रेस निवडली. नांदेडहून दिल्लीपर्यंतचा तो प्रवास लांबचा असला, तरी वाटेत प्रवाशांना प्रेमाने वाढला जाणारा लंगर आणि आमच्या डब्यातील दशम्या-धपाटे यांमुळे तो सुखाचा झाला. दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली. सोलंगला सुट्टीच्या दिवसांत इतकी गर्दी होते की उतारावर शिकण्यास जागा मिळत नाही. सकाळी लवकर गेल्यास दहा-साडेदहापर्यंत निवांत सराव होतो, हे आमच्या अनुभवाने सांगते. एका तासाच्या भाड्यात कोणी हात धरून उतारावरून खाली आणते, त्याला शिकणे म्हणता येणार नाही. आमच्यातील दोघींना आता पायापासून शिकायचे आहे. त्यासाठी कोठे जावे?

बीड येथील एक विद्यार्थी

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मनाली येथील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्ग येथील केंद्र शासनाची स्कीइंग व पर्वतारोहण संस्था येथे निवासी अभ्यासक्रम असतात. औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालतात. मी अशाच एका निवासी वर्गात शिकलो आहे. तेथे सुरुवातीचे दिवस लिफ्टला हातही लावू देत नाहीत. जितके उतरायचे तितके स्की घालूनच चढायचे असते, आणि त्यामुळेच पाय तयार होतात. जोडून आलेल्या सुट्टीत स्की येत नाही, तिची ओळख मात्र नक्की होते, आणि त्या ओळखीसाठी मित्रांसोबत जाण्याला माझा विरोध नाही. पण आपण दोघींनी वर्गालाच जावे. जागा मर्यादित असल्यामुळे चौकशी दिवाळीच्या सुमारासच करावी, आणि शाळेची रजा शक्यतो फेब्रुवारीत मिळवावी, कारण जानेवारीच्या तुलनेत तेव्हा उतारावर बर्फ साचलेला असण्याची शक्यता अधिक असते.