मॉनिटर काढला की व्हीएनसीत स्क्रीन काळा, घरून तर कनेक्टच होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये उबुंटू 22.04 चा छोटा सर्व्हर आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर जीयूआयवालं (खिडक्या-बटणांचं), त्यामुळे दुरून नुसत्या कमांड टाइप करायच्या एसएसएचवर भागत नाही, स्क्रीनच दिसायला हवा. मे महिन्याच्या उन्हात घरून, मानेवाड्याहून, तिकडे कोण पळणार? म्हणून एक्स11व्हीएनसी टाकलं (व्हीएनसी म्हणजे एका मशीनचा स्क्रीन दुसरीवर दाखवायची सोय). ते वेलँडवर (उबुंटूची स्क्रीन दाखवायची नवी पद्धत) चालत नाही, म्हणून लॉगिनला जुनी एक्सऑर्ग निवडली.

आता काय होऊन राहिलं बघा. मॉनिटर लावलेला असला की वर्कशॉपच्या वायफायवरून लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं, माऊसही चालतो. केबल काढून मशीन रीस्टार्ट केली की व्ह्यूअर कनेक्ट होतो, पण समोर काळाकुट्ट चौकोन. मॉनिटर तिथे ठेवता येत नाही, तो दुसऱ्या टेबलावर लागतो.

घरचं दुखणं वेगळंच. व्हीएनसीचा 5900 पोर्ट इंटरनेटवर थेट उघडायचा नाही. व्हीएनसीचा जुना पासवर्ड पहिली 8 अक्षरंच बघतो, त्याच्या भरवशावर हिशेबाची मशीन कोण सोडेल? म्हणून राऊटरवर फक्त एसएसएचचा पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेलं कनेक्शन सर्व्हरकडे वळवलं), लॉगिन पासवर्डने नाही, की फाइलनेच. तरी टाइमआउट. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (नेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) 100.72 ने सुरू होतो, आणि आयपी दाखवणाऱ्या साइटवर भलताच दिसतो. नेटवाल्याला विचारलं तर म्हणतो, "भाऊ, यूट्यूब चालू आहे ना?"

प्रतिसाद
100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा सीजीनॅटचा, त्यात नेट कंपनी अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देते. म्हणजे तुमच्या राऊटरच्या पुढे कंपनीचाही एक नॅट (आयपी बदलून देणारा टप्पा) बसला आहे. तुम्ही कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरची रिक्वेस्ट तुमच्या राऊटरपर्यंत येतच नाही. पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या, नाहीतर सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्हीवर टेलस्केल (मशीन खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. त्यात दोन्ही मशीन आतून बाहेर कनेक्ट होतात. मी तरी आधी टेलस्केलच करून बघेन.

काळ्या स्क्रीनचं कारण: एक्स11व्हीएनसी चालू असलेलाच डेस्कटॉप दाखवतं. ग्राफिक्सला मॉनिटर सापडला नाही तर दाखवायला काही उरत नाही. एचडीएमआयचा डमी प्लग लावा, म्हणजे मशीनला मॉनिटर लागला आहे असंच वाटेल. बर्डीच्या बाजारात नाही मिळाला तर ऑनलाइन मिळेल. किंवा टायगरव्हीएनसी वापरा, ते मॉनिटरशिवाय स्वतःचा वेगळा डेस्कटॉप उभा करतं, पहिला 5901 पोर्टवर.

धागाकर्ता
धन्यवाद भाऊ. डमी प्लग मागवतो. टायगरव्हीएनसीचा डेस्कटॉप वेगळा, म्हणजे वर्कशॉपमध्ये कोणी बिलिंग उघडून बसलं असेल तर मला त्याचा स्क्रीन दिसणार नाही ना? मला तोच बघायचा आहे.