सिम्फनीच्या हिवाळी मैफिलींची सवलतीची तिकिटं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईला पहिल्यांदाच सिम्फनी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकवायचाय. हिवाळी हंगामात बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत) आहे, चित्रपटसंगीत आहे आणि बीथोव्हेनची नववी सिम्फनीही! ती चुकवायची नाहीच. 1824 सालची रचना, पण चौथ्या भागात गायकवृंद उभा राहिला की आजही अंगावर काटा येतो. तीन-चार मैफिलींची तिकिटं एकत्र घेतली तर स्वस्त पडतात; त्यावर ज्येष्ठांची सवलत वेगळी मिळते का? ऐनवेळी उरलेली तिकिटं घ्यावीत, तर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मिळतात का? वादकांच्या मागच्या जागा स्वस्त असतात, वादकांना हातवारे करून दिशा देणाऱ्या कंडक्टरचा चेहराही समोर दिसतो. पण नववीला तिथे गायकच बसतात ना? आईचे गुडघे दुखतात, म्हणून बाल्कनीच्या पायऱ्या किती, तेही सांगा.